प्रस्तावना : जखमेतून घेतलेलं माप

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पेर-इंगवार ब्रोनेमार्क हा तरुण संशोधक जिवंत हाडातलं रक्ताभिसरण पाहण्याच्या खटपटीत होता. सशाच्या पायाच्या हाडात त्यानं टायटेनियमची एक बारीक कुपी बसवली. तिच्यातून प्रकाश आरपार जाई आणि हाडातल्या केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत. निरीक्षणं संपली की महागडी कुपी काढायची आणि पुन्हा वापरायची, असा साधा हिशेब होता. पण कुपी निघेना. हाड तिला धरून वाढलं होतं. धातू हाडात बसवला की मध्ये मऊ ऊतींचा थर येणारच, अशी तेव्हाची समजूत होती, आणि इथे तर थराचा मागमूस नव्हता. ब्रोनेमार्क या न निघणाऱ्या कुपीच्या मागे लागला. १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटेनियमचं दंतरोपण झालं. आज तालुक्याच्या गावीही दातांच्या दवाखान्यावर ‘इम्प्लांट’ असा शब्द दिसतो, त्याचं मूळ त्या सशाच्या हाडात आहे.

ही हकिगत सहसा दंतवैद्यकाच्या इतिहासात सांगितली जाते. मला ती या पुस्तकाच्या विषयाची वाटते. शरीराच्या आत काहीतरी पाहायला, मोजायला गेलेलं ते उपकरण होतं, आणि त्यानं सर्वांत मोठी गोष्ट शिकवली ती स्वतःच्या पदार्थाबद्दल. शरीरात बसणारे सेन्सर आणि शरीरात टिकणारे पदार्थ हे दोन विषय आपल्या महाविद्यालयांत दोन वेगळ्या इमारतींत शिकवले जातात. सेन्सर इलेक्ट्रॉनिक्सच्या इमारतीत, पदार्थ रसायन नाहीतर धातुशास्त्राच्या इमारतीत, आणि शरीर गावाच्या दुसऱ्या टोकाला, वैद्यकीय महाविद्यालयात. हे पुस्तक तिघांना एका जागी बसवतं, म्हणून मी ही प्रस्तावना आनंदानं लिहीत आहे. त्यामागचं माझं मत सुरुवातीलाच सांगतो : शरीरात शिरलेला प्रत्येक सेन्सर आधी स्वतः केलेली जखम मोजतो. ती जखम कशी भरते, यावर पुढचा प्रत्येक आकडा अवलंबून असतो.

पायात मोडलेला काटा काढला नाही तर त्याच्याभोवती टणक गाठ धरते, हे खेड्यात वाढलेल्या कुणाला सांगावं लागत नाही. सेन्सरच्या बाबतीतही तेच घडतं. फक्त त्याच्या पायऱ्या आता बऱ्याच बारकाईनं कळल्या आहेत. सुई त्वचेखाली गेली की काही सेकंदांतच प्रथिनं तिच्या पृष्ठभागावर येऊन बसतात. बसलेली प्रथिनं तिथेच राहतात असंही नाही. आधी येतात ती संख्येनं जास्त असलेली, चटकन पोहोचणारी. मागून विरळ, पण पृष्ठभागाला अधिक घट्ट धरणारी प्रथिनं येऊन त्यांना हुसकावून लावतात. या अदलाबदलीला व्ह्रोमन परिणाम म्हणतात. लिओ व्ह्रोमन हा डच माणूस. १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्या तेव्हा तो शिडाच्या होडीतून निसटला, पुढे इंडोनेशियात जपान्यांच्या छावण्यांत कैदी होता, आणि युद्धानंतर अमेरिकेत रक्तशास्त्रज्ञ झाला. डच भाषेतला तो फार मोठा कवीही होता. रक्त काचेला शिवतं त्या क्षणी काय होतं, या एका प्रश्नावर त्यानं अनेक वर्षं घालवली. त्याच्या कामातून निघालेली गोष्ट साधी आहे, पण ती विसरली की उपकरणं फसतात : पेशींची गाठ टायटेनियमशी किंवा सिलिकॉनशी पडतच नाही, ती त्यावर बसलेल्या प्रथिनांशी पडते.

प्रथिनांच्या मागोमाग पांढऱ्या पेशी येतात. पहिल्या एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल, मग मॅक्रोफेज. मॅक्रोफेजचं काम परक्या वस्तूला गिळून पचवायचं. सेन्सर त्यांना गिळता येत नाही, म्हणून अनेक मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून एक मोठी, अनेक केंद्रकांची पेशी तयार होते आणि सेन्सरला चिकटून राहते. ती आम्ल सोडते, ऑक्सिजनचे दाहक रेणू सोडते. अनेक पॉलिमर या माऱ्याखाली हळूहळू ठिसूळ होतात. काही आठवड्यांत या सगळ्याभोवती कोलॅजनच्या तंतूंची पिशवी तयार होते. तिच्यात रक्तवाहिन्या थोड्या. शरीराच्या दृष्टीनं प्रश्न मिटला : जे बाहेर काढता आलं नाही ते भिंत घालून वेगळं केलं. मोजणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र प्रश्न इथे सुरू होतो, कारण सेन्सर आता शरीरात असूनही शरीरापासून तुटलेला आहे.

यात रोगट असं काही नाही. ही निरोगी शरीराची नीट चाललेली व्यवस्था आहे. म्हणूनच ‘जैवसुसंगत’ हा शिक्का एखाद्या पदार्थावर कायमचा मारता येत नाही. १९८० च्या दशकात या क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र बसून व्याख्या ठरवली, तेव्हा त्यांनी नेमक्या याच गोष्टीवर भर दिला. सुसंगती ठरते ती विशिष्ट जागी, विशिष्ट कामासाठी, शरीर योग्य प्रतिसाद देतं की नाही यावरून. खुब्याच्या सांध्यात उत्तम ठरलेला पदार्थ रक्तवाहिनीत गुठळी करू शकतो. हाडाला घट्ट धरणारं टायटेनियम दंतरोपणासाठी वरदान ठरलं; सहा महिन्यांनी काढायच्या सेन्सरसाठी तोच गुण अडचणीचा.

ग्लुकोजच्या सेन्सरवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे. या क्षेत्राची सगळी सुखदुःखं त्या एका उपकरणात सापडतात.

अमेरिकेत लेलँड क्लार्क रक्तात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र तयार करत होता. ते नीट चालतं की नाही हे पाहायला रक्तातला ऑक्सिजन मोजणं भाग होतं. प्लॅटिनमच्या तारेवर ऑक्सिजन मोजता येतो हे तेव्हा ठाऊक होतं, पण रक्तात बुडवली की तार प्रथिनांनी माखून निकामी होई. क्लार्कनं मोजणीचे दोन्ही ध्रुव पॉलिथिलीनच्या पातळ पडद्याआड ठेवले. ऑक्सिजन पडद्यातून आत जाई, प्रथिनं बाहेर राहत. १९५६ मध्ये त्यानं हे काम प्रसिद्ध केलं. विद्युत-रसायन जुनंच होतं. ते रक्तात टिकलं ते एका प्लॅस्टिकच्या पडद्यामुळे. १९६२ मध्ये क्लार्क आणि चँप लायन्स यांनी पुढची कल्पना मांडली. दोन पडद्यांच्या मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर अडकवायचं. ते ग्लुकोजचं रूपांतर करताना ऑक्सिजन वापरतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. ऑक्सिजन किती घटला किंवा पेरॉक्साइड किती झालं हे मोजा, की ग्लुकोज कळलं. आज लाखो लोकांच्या दंडावर किंवा पोटावर चिकटलेल्या सेन्सरमागे मुळात हीच कल्पना आहे.

काचेच्या भांड्यात ती लगेच चालली. त्वचेखाली चालायला दशकं लागली, आणि त्याची कारणं शरीरानंच घातलेल्या अटींत आहेत. त्वचेखालच्या द्रवात ग्लुकोजच्या मानानं ऑक्सिजन फारच कमी असतो, शंभर पटींनी किंवा त्याहूनही कमी. म्हणजे विकराला अन्न भरपूर आणि श्वास अपुरा. अशा वेळी सेन्सर ग्लुकोज सांगतो आहे असं वाटतं आणि प्रत्यक्षात तो ऑक्सिजन सांगत असतो. यावर उपाय पुन्हा पडद्याचाच : ग्लुकोजला अडवून थोडंच आत सोडणारा आणि ऑक्सिजनला मोकळी वाट देणारा पॉलियुरेथेनचा थर. टेक्सस विद्यापीठात अ‍ॅडम हेलर यांनी वेगळी वाट काढली. ऑस्मियमची संयुगं जोडलेल्या पॉलिमरमधून त्यांनी विकरातले इलेक्ट्रॉन थेट तारेपर्यंत नेले, म्हणजे ऑक्सिजनवर विसंबणंच नको. २०१४ मध्ये युरोपात आलेला, चौदा दिवस दंडावर राहणारा आणि बोट न टोचता वाचता येणारा सेन्सर याच रसायनावर उभा आहे.

दुसरी अडचण औषधांची. पेरॉक्साइड मोजणाऱ्या तारेवर पॅरासिटामॉलचंही ऑक्सिडीकरण होतं. तापाची एक गोळी घेतली आणि साखर वाढलेली दिसली, असं जुन्या सेन्सरमध्ये होत असे. तिसरी अडचण वेळेची. हे सेन्सर रक्तात नसतात, पेशींच्या मधल्या द्रवात असतात. रक्तातली साखर तिथे पोहोचायला काही मिनिटं लागतात. जेवणानंतर साखर चढत असताना किंवा इन्सुलिननंतर झपाट्यानं उतरत असताना ही मिनिटं महत्त्वाची ठरतात. आणि पहिला दिवस. नुकत्याच बसवलेल्या सेन्सरचे आकडे पहिल्या दिवशी अस्थिर असतात, हे वापरणाऱ्यांना अनुभवानं कळतं. कारण सुईनं फाटलेल्या ऊतींत सूज असते, जमलेल्या पेशी स्वतःच ग्लुकोज खात असतात. रुग्ण मोबाइलवर जो आकडा पाहतो त्यात त्याच्या शरीराची साखर आहे आणि त्या इवल्याशा जखमेची साखरही.

चौदा दिवसांची मुदत बॅटरीमुळे पडलेली नाही. विकर थकतं, पडदा माखतो, पिशवी जाड होते, आणि चिकटपट्टीखालची त्वचाही कुरकुरते. मुदत वाढवायची तर शरीराशी वेगळा करार करावा लागतो. अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळालेला एक सेन्सर असा आहे. तो पूर्णपणे दंडाच्या त्वचेखाली जातो. त्यात विकर नाही. ग्लुकोज जोडला गेला की चमक बदलणारं जेल आहे, आणि बाहेर लावलेलं यंत्र त्याला ऊर्जा पुरवून ती चमक वाचतं. त्याच्या एका कडेला सिलिकोन रबराची कडी आहे. तिच्यातून डेक्सामेथासोन हे दाह शमवणारं औषध अगदी थोडं थोडं झिरपत राहतं, फक्त त्या जागेपुरतं. सुरुवातीला तो नव्वद दिवस चाले, २०२४ मध्ये वर्षभर चालणाऱ्या आवृत्तीला मान्यता मिळाली. सॅन दिएगोच्या डेव्हिड गॉफ यांनी ऑक्सिजन आणि ग्लुकोज शेजारी शेजारी मोजणारी चकती बनवली होती. २०१० मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं की एका डुकरात ती २२२ दिवस आणि दुसऱ्यात ५२० दिवस चालली. पिशवी तयार झालीच, पण ती स्थिरावली; आणि पिशवी असल्याचं गृहीत धरूनच गणित मांडलेलं होतं. या कामाला मी फार मान देतो. शरीराला फसवण्यापेक्षा त्याच्या प्रतिसादाला समीकरणात जागा देणं मला अधिक प्रामाणिक वाटतं.

सगळ्या मापांना रसायन लागत नाही, आणि दाब मोजणाऱ्यांचं नशीब या बाबतीत चांगलं. रेणूला पडद्यातून आत यावं लागतं. दाब पडद्याला नुसता ढकलतो. वर पेशींचा पातळ थर चढला तरी दाब पोहोचतो. हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांसाठी फुप्फुसाच्या धमनीत बसवला जाणारा सेन्सर याचं सुंदर उदाहरण आहे. जॉर्जिया टेकच्या मार्क अ‍ॅलन यांच्या कामातून तो आला. साधारण दीड सेंटिमीटर लांब, आत एक तारेचं वेटोळं आणि दाबानं वाकणारं धारित्र, बाहेरून सिलिकाचं कवच. बॅटरी नाही. बाहेरच्या अँटेनानं रेडिओ लहरी पाठवल्या की वेटोळं एका ठरावीक वारंवारतेला प्रतिसाद देतं, आणि दाब बदलला की ती वारंवारता सरकते. रुग्ण घरी अँटेना असलेल्या उशीवर पडून रोजचा दाब पाठवतो. ५५० रुग्णांवरच्या अमेरिकन चाचणीत, २०११ मध्ये आलेल्या निकालानुसार, हृदय निकामी होण्यामुळे पुन्हा रुग्णालयात दाखल व्हायचं प्रमाण सहा महिन्यांत २८ टक्क्यांनी घटलं. पाय सुजायच्या, धाप लागायच्या कितीतरी आधी धमनीतला दाब चढू लागतो, आणि डॉक्टर गोळ्यांची मात्रा तेव्हाच बदलू शकतो. हा लाभ सेन्सरनं एकट्यानं मिळवलेला नाही. रोजचा आकडा पाहून फोन करणारी परिचारिका त्या उपचाराचा अर्धा भाग आहे, आणि आपल्याकडे असं काही आणायचं म्हटलं तर आधी तिचा विचार करावा लागेल.

मेंदूत प्रश्न कडकपणाचा होतो. लुंडमध्येच निल्स लुंडबर्ग यांनी १९६० मध्ये कवटीतल्या दाबाची अखंड नोंद घेण्याची पद्धत मांडली, तीवर आजचे अतिदक्षता विभाग चालतात. पण मेंदूच्या पेशींचे संकेत टिपायचे तर सुया आतच न्याव्या लागतात. युटा विद्यापीठात रिचर्ड नॉर्मन यांनी घडवलेली चार मिलिमीटर चौरस पट्टी आणि तिच्यावरच्या शंभर सिलिकॉन सुया या क्षेत्रात प्रसिद्ध आहेत. लकवा झालेल्या माणसांनी त्यांच्या मदतीनं पडद्यावरचा बाण नुसत्या विचारानं हलवला. पण सिलिकॉन हा मेंदूच्या मानानं दहा कोटी पटींच्या घरात कडक. प्रत्येक श्वासाला, प्रत्येक ठोक्याला मेंदू किंचित हलतो, सुई हलत नाही, आणि त्या घर्षणातून व्रण होतो. महिने-वर्षं गेली की संकेत क्षीण होत जातात. म्हणून आता मऊ, लवचिक धाग्यांचा शोध चालू आहे. त्यालाही अडचणी आहेत : २०२४ मध्ये न्यूरालिंक या कंपनीच्या पहिल्याच रुग्णात काही धागे मेंदूतून मागे सरकल्याचं तिनं जाहीर केलं. टिकण्याचा हट्ट सोडून देणारीही एक वाट आहे. जॉन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये उंदरांच्या कवटीत असे सेन्सर बसवले की जे दाब आणि तापमान सांगतात आणि काम संपलं की शरीरातल्या द्रवात विरघळून जातात. अतिपातळ सिलिकॉन पाण्यात हळूहळू विरघळतो, या गुणाचा हा उपयोग. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला सेन्सर काढायला दुसरी शस्त्रक्रिया नको, हा त्यामागचा विचार मला फार माणुसकीचा वाटतो.

पाणी असं नेहमीच मदतीला येत नाही; त्याविषयी दोन वाक्यं. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळ बसवलेला पहिला संपूर्ण शरीरांतर्गत पेसमेकर इपॉक्सी राळेत ओतलेला होता आणि काही तासांतच बंद पडला. इपॉक्सीतून ओल आत शिरते हे पुढच्या वर्षांत पुन्हा पुन्हा दिसलं, आणि वेल्डिंगनं बंद केलेली टायटेनियमची डबी आली तेव्हाच पेसमेकर वर्षानुवर्षं चालू लागले.

भारताविषयी बोलायचं तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेपासूनच सुरुवात करायला हवी. तिथे एम. एस. वालियाथन यांनी रुग्णालय आणि तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा एकाच संस्थेच्या छत्राखाली आणली. त्यांच्या गटानं घडवलेली हृदयाची झडप ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्या रुग्णात बसली. तिथवरची वाट पदार्थांनीच अडवली होती. झडपेची तबकडी एका टप्प्यावर कृत्रिम नीलमण्याची होती. कठीण, गुळगुळीत, न झिजणारी. प्राण्यावरच्या चाचणीत ती फुटली. शेवटी उच्च रेणुभाराचं पॉलिथिलीन निवडलं गेलं, ज्याचा कडकपणा नीलमण्याच्या जवळपासही जात नाही, पण जे आघात पचवतं. संधिवाताच्या तापानं झडपा खराब झालेल्या हजारो तरुण रुग्णांना परवडेल अशी झडप त्यातून मिळाली. ती सेन्सर नाही हे खरं. पण पदार्थ, प्राण्यांवरची चाचणी, शल्यचिकित्सक आणि कारखाना यांना एका दोरीत बांधण्याची जी सवय तिथे लागली, ती सेन्सरलाही लागणारच आहे. आपल्याकडे प्रयोगशाळेतल्या बशीत चालणाऱ्या सेन्सरवर उत्तम निबंध लिहिले जातात. बशीतून शरीरात जाण्याचा टप्पा मात्र रेंगाळतो. त्यासाठी लागणारा पैसा आणि संयम निबंधांच्या मोजदादीत बसत नाही.

गरज तर समोर उभी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानं देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज दिला. दर पंधरवड्याला नवा सेन्सर लावणं यातल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. आयुष्य वाढवणं आणि किंमत उतरवणं या इथे एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, आणि दोन्हींची किल्ली पडद्याच्या रसायनात आहे. आणखी एक गोष्ट पुण्याची. केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की भारतीय बाळं वजनानं कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेनं जास्त असतं, आणि ही ठेवण पुढे मधुमेहाशी निगडित आहे. ग्लुकोजचे सेन्सर नेमके त्वचेखालच्या चरबीच्या थरात बसतात. तो थर आपल्या लोकांत वेगळ्या जाडीचा, वेगळ्या घडणीचा असेल तर सेन्सरचा आकडा, उशीर आणि आयुष्य तेच राहील का? हा प्रश्न आपणच विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर शोधायला पुण्या-मुंबईइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही.

विद्यार्थी वाचकांकडे माझी एक ठोस मागणी आहे. शरीरातून काढलेला सेन्सर बहुतेक वेळा कचऱ्यात जातो. त्याच्यावर काय चिकटलं होतं, पडद्याला कुठे तडे गेले होते, भोवतीची पिशवी किती जाड होती, तिच्यात रक्तवाहिन्या होत्या का, हे सगळं त्या क्षणी हाताशी असतं आणि मग कायमचं जातं. वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे २०१५ पासून आहे. पण नोंद बिघाडाची होते, आणि शिकायचं तर नीट चाललेल्या उपकरणांकडूनही शिकता येतं. एका रुग्णालयाचा विकृतिशास्त्र विभाग आणि शेजारची पॉलिमर प्रयोगशाळा यांनी ठरवलं तर हे काम उद्या सुरू होऊ शकतं. लागतं ते फॉर्मालिन, काप घेण्याचं यंत्र, चांगला सूक्ष्मदर्शक, रुग्णाची लेखी संमती आणि सेन्सर कोणत्या तारखेला बसवला व कोणत्या तारखेला काढला याची चिठ्ठी. अशी शंभर-दोनशे निरीक्षणं मराठी मुलुखातल्या रुग्णांची जमली, तर या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत एक स्वतंत्र प्रकरण त्यांचं असावं, असं मी लेखक आणि प्रकाशकांना आधीच सुचवून ठेवलं आहे.